यकृताच्या कर्करोगाचा माग : ऑस्ट्रेलिया अँटिजेनपासून इम्युनोथेरपीपर्यंत

१९८६ साली बारूक ब्लमबर्ग भारतीय विज्ञान अकादमीचे रामन प्राध्यापक म्हणून बंगळुरूला आले. त्यांना नोबेल मिळून तेव्हा जवळजवळ दहा वर्षे झाली होती. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली ही अकादमी सदाशिवनगरात, रामन संशोधन संस्थेच्या शेजारी आहे. बंगळुरूकर ज्या भारतीय विज्ञान संस्थेला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, तीही तिथून जवळच. पदार्थविज्ञानाच्या या परिसरात आलेला हा पाहुणा पेशाने डॉक्टर होता. एकाच रोगाच्या तडाख्यातून काही माणसे सुटतात आणि काही का सापडतात, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला होता. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना त्यांच्या हाती हिपॅटायटिस बीचा विषाणू लागला आणि यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण जगासमोर आले.

त्यानंतरच्या चार दशकांत या रोगाबद्दलचे ज्ञान पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचले. तो कोणत्या जनुकांच्या बिघाडाने वाढतो, कसा पसरतो, प्रतिकारशक्तीला कसा चकवतो, हे बऱ्याच अंशी कळले. या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. रोग कोणाला आणि कशामुळे होतो, हा ब्लमबर्ग यांचा प्रश्न उपचाराच्या शेवटच्या पायरीपर्यंत पाठ सोडत नाही. आजच्या सर्वांत महागड्या औषधाचा गुण येईल की नाही, हेही काही प्रमाणात त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते.

ऑस्ट्रेलियातील रक्ताचा नमुना

ब्लमबर्ग यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. १९५० आणि १९६० च्या दशकांत ते देशोदेशींच्या लोकांचे रक्त गोळा करत होते. रक्तातील प्रथिनांत वंशपरंपरेने येणारे फरक त्यांना शोधायचे होते. वारंवार दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागलेल्या रुग्णांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. अशा रुग्णांचा रक्तद्रव घेऊन ते तो जगभरच्या नमुन्यांशी ताडून पाहत. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमधील एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या नमुन्याशी प्रक्रिया झाली. त्या अनोळखी प्रथिनाला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ हे नाव पडले आणि १९६५ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

हे प्रथिन रक्ताच्या कर्करोगाशी संबंधित असावे, असा सुरुवातीचा कयास होता. तो चुकला. आधी ज्याच्या रक्तात ते नव्हते, अशा एका रुग्णाच्या रक्तात ते नंतर सापडले आणि त्याच काळात त्याला यकृतदाह झाला होता. पुढे १९६७ मध्ये ब्लमबर्ग यांच्याच प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ बार्बरा वर्नर आजारी पडल्या, तेव्हा त्यांच्याही रक्तात ते दिसले. हे प्रथिन म्हणजे काविळीच्या एका विषाणूचे बाह्य आवरण आहे, हे मग स्पष्ट झाले. आज आपल्याकडे प्रत्येक रक्तपेढीत आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीत ज्या ‘एचबीएसएजी’ चाचणीचे नाव येते, ती याच प्रथिनाचा शोध घेते. १९६९ मध्ये ब्लमबर्ग आणि आयर्विंग मिलमन यांनी या आवरणापासून लस बनवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला.

या विषाणूचे वागणे वयावर अवलंबून असते. धडधाकट प्रौढाला त्याची लागण झाली, तर बहुतेक वेळा शरीर त्याला हुसकावून लावते. जन्मताना आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्के बाळांच्या शरीरात मात्र तो कायमचा राहतो. ही मुले वरवर निरोगी असतात, शाळेत जातात, मोठी होतात, संसार करतात. आणि चाळिशी-पन्नाशीत त्यांच्यातील काहींचे यकृत निबर होते आणि काहींना कर्करोग होतो.

तैवानमधील ४१ मृत्यू

विषाणू आणि कर्करोग यांचे नाते आहे, अशी शंका आफ्रिकेतील डॉक्टरांना आधीपासून होती. ती पक्की झाली तैवानमध्ये. पामर बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या २२,७०७ पुरुषांची नोंद ठेवली. कोणाच्या रक्तात हिपॅटायटिस बीचे आवरण आहे आणि कोणाच्या नाही, हे तपासून ते वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवत राहिले. १९८१ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. यकृताच्या कर्करोगाने ४१ जण दगावले होते आणि त्यांतले ४० जण विषाणूचे वाहक होते. वाहकांना असलेला धोका इतरांच्या २२३ पट निघाला. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नातेही इतके घट्ट नाही.

त्याच सुमारास पेशीच्या आतील पुरावाही हाती येत होता. १९७८ मध्ये फिलाडेल्फियात वुडचक नावाच्या खारीच्या जातकुळीतील प्राण्यात हिपॅटायटिस बीचा भाऊबंद शोभेल असा विषाणू सापडला. त्या प्राण्यांनाही यकृताचा कर्करोग होत होता. १९८० मध्ये मानवी कर्करोगाच्या पेशींत विषाणूचा डीएनए थेट गुणसूत्रांत घुसून बसलेला आढळला. पुढील संशोधनातून त्याच्या आवडत्या जागांपैकी एक कळली. पेशीला मर्यादेपलीकडे विभाजन करू देणारे टेलोमरेज नावाचे एन्झाइम ज्या जनुकातून तयार होते, त्या टर्ट जनुकाच्या आसपास तो वारंवार शिरतो. आणि जिथे विषाणूचा हात नसतो, तिथेही अनेकदा याच जनुकाच्या नियंत्रक भागात बदल झालेला असतो. यकृताच्या कर्करोगात सर्वाधिक आढळणारा जनुकीय बदल हाच आहे.

भुईआवळीची आशा

ब्लमबर्ग बंगळुरूला आले त्याच सुमारास त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेत एका भारतीय वनस्पतीवर काम सुरू होते. पावसाळ्यात आपल्या शेताच्या बांधावर, अंगणात आपोआप उगवणारी ही भुईआवळी. कावीळ झाली की तिचा रस देण्याची पद्धत महाराष्ट्रापासून तामिळनाडूपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पी. एस. व्यंकटेश्वरन, मिलमन आणि ब्लमबर्ग यांनी भुईआवळीच्या अर्काचा विषाणूवर होणारा परिणाम तपासला. प्रयोगशाळेत आणि वुडचकमध्ये मिळालेले उत्साहवर्धक निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९८८ मध्ये मद्रासमधून त्याहून मोठी बातमी आली. एस. पी. त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या वाहकांना तीस दिवस भुईआवळीची पूड दिली. ती घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे आवरण नाहीसे झाल्याचे त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. निव्वळ दिखाऊ औषध घेतलेल्या २३ जणांपैकी फक्त एकाच्या बाबतीत तसे घडले. जगभर खळबळ उडाली. स्वस्त, सहज उगवणारी, पिढ्यांच्या विश्वासातील वनस्पती जर कोट्यवधी वाहकांना मुक्त करणार असेल, तर त्याहून मोलाची गोष्ट कोणती?

पण थायलंड आणि न्यूझीलंडमधील चाचण्यांत तो गुण दिसला नाही. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तरी भुईआवळीने विषाणू जातो असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. या प्रकरणाकडे मी आदराने पाहतो. नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने गावाकडच्या झाडपाल्याला हसण्यावारी नेले नाही, तो प्रामाणिकपणे तपासला. तितक्याच प्रामाणिकपणे इतरांनी तो पुन्हा तपासला आणि उत्तर नकारार्थी आले, तेव्हा ते स्वीकारले. आजही अनेक घरांत काविळीवर आधी झाडपाला दिला जातो आणि डॉक्टरकडे महिने उलटल्यावर जावे लागते. साधी कावीळ बहुधा आपली आपण बरी होते आणि श्रेय औषधी पाल्याला मिळते. हिपॅटायटिस बी मात्र आतल्या आत यकृत पोखरत राहतो. या घरांपर्यंत चाचण्यांचे हे निष्कर्ष पोचायला हवेत.

मोजणीचे शहर

रेणूंच्या गोष्टींत एक काम झाकोळले जाते. कोणता कर्करोग कुठे, किती आणि कोणाला होतो, हे चिकाटीने मोजण्याचे काम. भारतात त्याची सुरुवात १९६३ मध्ये मुंबईच्या कर्करोग नोंदणीने झाली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि १९८२ च्या जानेवारीपासून मुंबई, मद्रास आणि बंगळुरू या तीन शहरांत लोकसंख्येवर आधारित नोंदी होऊ लागल्या. बंगळुरूची जबाबदारी किडवाई स्मारक कर्करोग संस्थेकडे आली. १९७३ मध्ये सुरू झालेली ही संस्था १९८० मध्ये स्वायत्त झाली होती. संपूर्ण कार्यक्रमाचा समन्वयही बंगळुरूतूनच होऊ लागला आणि आज राष्ट्रीय रोग माहिती व संशोधन केंद्र तो सांभाळते.

रुग्णालये आपणहून माहिती पाठवतील, अशी स्थिती तेव्हा नव्हती. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत, मृत्यूनोंदणीच्या कार्यालयांत जाऊन कागदपत्रे चाळत. एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावे ताडून पाहत. कुठलेही पारितोषिक न मिळणाऱ्या या कामातून देशाचा नकाशा तयार झाला. चीन किंवा आग्नेय आशियाच्या तुलनेत भारतात यकृताचा कर्करोग कमी आढळतो, पण अरुणाचल प्रदेशासारख्या भागात तो फार मोठ्या प्रमाणावर आहे, हे त्या नकाशाने दाखवले. कारण शोधण्यासाठी आधी फरक दिसावा लागतो आणि तो फरक अशा नोंदींतूनच दिसतो.

मका, बुरशी आणि पितळी भांडी

विषाणू हे एकमेव कारण नाही. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत अचानक कावीळ आणि जलोदराची साथ आली. ३९७ जण आजारी पडले आणि १०६ दगावले. घरातील उष्टे खाणारी कुत्रीही मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधून काढले. अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी चढली होती आणि त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष लोकांच्या पोटात जात होते. ओल्या जागी साठवलेल्या शेंगदाण्यावरही ही बुरशी धरते.

हेच विष थोडेथोडे वर्षानुवर्षे पोटात गेले, तर कर्करोगाला कारण ठरते. १९९१ मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांच्या अभ्यासातून विलक्षण गोष्ट कळली. पेशीला अनिर्बंध वाढीपासून रोखणाऱ्या टीपी५३ जनुकात या रुग्णांपैकी अनेकांमध्ये नेमक्या एकाच ठिकाणी, २४९ व्या सांकेतिक स्थानी, बदल झाला होता. अफ्लाटॉक्सिनने डीएनएवर आपली खूण सोडली होती. कर्करोग कशामुळे झाला हे त्याच्या रेणूंत वाचता येते, याचा हा पहिल्या ठोस पुराव्यांपैकी एक होता.

कारण सापडले आणि ते दूर केले, तर काय होऊ शकते, हे आपल्या पुण्याने दाखवले आहे. लहान मुलांचे यकृत निकामी करणारा ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ हा जीवघेणा रोग अनेक दशके भारतीय घरांना छळत होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील आनंद पंडित आणि शीला भावे यांनी इंग्लंडच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासह त्याचा माग काढला. तान्ह्या बाळाला वरचे दूध लवकर सुरू होते, ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले किंवा ठेवले जाते, भांड्यातील तांबे दुधात उतरते आणि बाळाच्या यकृतात साठते, असे त्यांना दिसून आले. १९८३ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. घराघरांत दुधाचे भांडे बदलले, आयांना समजावून सांगितले गेले आणि हा रोग आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. कोणतेही नवे औषध त्यासाठी लागले नाही.

कर्करोग रोखणारी लस

हिपॅटायटिस बीची पहिली लस वाहकांच्याच रक्तद्रवातून बनवली जाई. १९८१ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली आणि १९८६ मध्ये यीस्टच्या पेशींत जनुकीय तंत्राने तयार केलेली लस आली. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांचे लसीकरण सुरू केले. १९९७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी निष्कर्ष मांडले : सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. लसीने माणसाचा कर्करोग टळतो, हे जगात प्रथमच सिद्ध झाले.

भारतात ही लस आयात होत होती आणि सामान्य घराला ती परवडत नव्हती. त्याच १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने, वरप्रसाद रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली, देशी लस बाजारात आणली. पाठोपाठ इतर भारतीय कंपन्या उतरल्या, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही त्यांत होती आणि किंमत झपाट्याने खाली आली. सरकारी कार्यक्रमात ही लस २००२ च्या सुमारास काही भागांत प्रायोगिक तत्त्वावर आणि २०११ मध्ये देशभर आली. म्हणजे तैवाननंतर सव्वीस-सत्तावीस वर्षांनी. त्या मधल्या काळात जन्मलेली मुले आज किशोरवयापासून चाळिशीपर्यंतच्या वयात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बीची आणि सुमारे ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सीची दीर्घकालीन लागण होती. यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पनाही नाही.

पेशी घर सोडते तेव्हा

लस वेळेवर न मिळालेल्यांचे काय? २०२२ मध्ये जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे इतके जवळजवळ असणे हीच या रोगाची भीषणता आहे. गाठ लहान असतानाच सापडली, तर शस्त्रक्रिया किंवा यकृत प्रत्यारोपण करता येते. बहुतेकांना मात्र ती कळते तेव्हा रोग आतड्यांतून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेत उतरलेला असतो, यकृतातच जागोजागी पसरलेला असतो किंवा फुप्फुस आणि हाडांपर्यंत गेलेला असतो.

अशा रुग्णांसाठी २००८ पर्यंत आयुष्य वाढवणारे एकही सिद्ध औषध नव्हते. त्या वर्षी सोराफेनिबच्या चाचणीचे निकाल आले : रुग्णांचे मध्यक आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेले. वाढ थोडी होती, पण पहिली होती. भारतात या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तेच औषध महिना सुमारे ८,८०० रुपयांना मिळू लागले. स्वतंत्र भारताचा हा अशा प्रकारचा पहिला परवाना होता. मूळ कंपनी बायरने दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळले आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. औषध प्रयोगशाळेत सापडणे आणि रुग्णाच्या हाती पडणे यांत केवढे अंतर असते आणि कायदा ते कसे कापू शकतो, हे या निकालाने दाखवले.

पण कर्करोग पसरतो कसा? यकृताची निरोगी पेशी शेजारच्या पेशींना घट्ट चिकटून असते. ई-कॅडहेरिनसारखी प्रथिने ही चिकटण धरून ठेवतात. पसरणारी कर्कपेशी ती सोडवून घेते, आपला आकार बदलते, आजूबाजूच्या ऊतींत वाट काढते. या बदलाला टीजीएफ-बीटासारखे संदेशवाहक रेणू चालना देतात. गाठीत प्राणवायू कमी पडला की व्हीईजीएफ हा रेणू स्रवतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटतात. गाठीला त्यातून पोषण मिळते आणि पेशींना बाहेर पडायला रस्ताही मिळतो.

या प्रश्नावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत महत्त्वाचे काम झाले आहे. आधारापासून सुटलेली पेशी खरे तर मरायला हवी. अन्नपूर्णी रंगराजन यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करून दाखवले, की एएमपीके नावाचे एन्झाइम अशा सुटलेल्या पेशींना जगण्यास मदत करते. मोहित कुमार जॉली यांचा गट गणिती प्रारूपांच्या साहाय्याने पेशींचे हे रूपांतर अभ्यासतो. पेशी एका रूपातून दुसऱ्यात एकदम उडी घेत नाहीत. काही पेशी अर्ध्या चिकट, अर्ध्या फिरत्या अशा मधल्या अवस्थेत राहतात आणि याच अनेकदा सर्वांत घातक ठरतात. २०२१ मध्ये या गटाने निरनिराळ्या कर्करोगांच्या माहितीचा अभ्यास करून दाखवले, की मधल्या अवस्थेतील पेशींवर पीडी-एल१ हे प्रथिनही वाढलेले असते. हे प्रथिन प्रतिकारशक्तीला थोपवते. म्हणजे पसरण्याची क्षमता आणि प्रतिकारशक्तीला चकवण्याची क्षमता या दोन गोष्टी एकाच बदलातून येऊ शकतात.

प्रतिकारशक्तीचा ब्रेक

शरीरातील टी-पेशी कर्कपेशींना ओळखून मारू शकतात, पण त्यांनी आपल्याच अवयवांवर हल्ला करू नये म्हणून शरीराने त्यांना ब्रेक दिलेले आहेत. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे त्यांतले दोन. कर्कपेशी पीडी-एल१ पुढे करून पीडी-१ चा ब्रेक दाबून धरते. असे ब्रेक सोडवणाऱ्या उपचारांचा, म्हणजे आजच्या इम्युनोथेरपीचा, पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

यकृतात हा ब्रेक मुळातच अधिक दाबलेला असतो. आतड्यांतील अन्नाचे, जिवाणूंचे असंख्य अंश पोर्टल शिरेतून आधी यकृतात येतात. प्रत्येकावर हल्ला होऊ लागला, तर यकृत सतत सुजलेले राहील. म्हणून यकृताने सहिष्णुता अंगी बाणवली आहे. १९६९ मध्ये रॉय कॅल्न यांनी डुकरांमध्ये यकृत प्रत्यारोपण केले, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे न देताही काही प्राण्यांत परके यकृत टिकले. जी सहिष्णुता प्रत्यारोपणाला उपकारक, तीच कर्करोगालाही आसरा देते.

त्यामुळे सुरुवातीचा काळ निराशेचा गेला. निव्होलुमॅब या ब्रेक सोडवणाऱ्या औषधाला २०१७ मध्ये अमेरिकेत जलद परवानगी मिळाली, पण मोठ्या चाचणीत त्याचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले नाही आणि २०२१ मध्ये ती मागे घ्यावी लागली. वाट सापडली ती दोन औषधांच्या जोडीतून. अटेझोलिझुमॅब पीडी-एल१ ला अडवते आणि बेव्हासिझुमॅब व्हीईजीएफला. व्हीईजीएफ रक्तवाहिन्या तर वाढवतोच, शिवाय टी-पेशींना गाठीत शिरू देत नाही. त्याला रोखले की ब्रेक सुटलेल्या टी-पेशींना आत जाता येते. २०२० मध्ये ५०१ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सोराफेनिबने ५४.६ टक्के होते, तर या जोडीने ६७.२ टक्के झाले. यांतल्या बेव्हासिझुमॅबची देशी आवृत्ती बंगळुरूच्या बायोकॉनने २०१७ मध्येच भारतात आणली होती.

तरीही या जोडीने गाठ ठळकपणे आक्रसते ती साधारण चारांपैकी एका रुग्णात. बाकीच्यांत का नाही? इथे रेणू बोलू लागतात. अनेक रुग्णांच्या गाठींत बीटा-कॅटेनिनच्या जनुकात बदल झालेला असतो. २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की असा बदल असलेल्या गाठी प्रतिकारशक्तीला जवळ बोलावणारे संदेश पाठवतच नाहीत. टी-पेशी तिथे पोचल्याच नाहीत, तर ब्रेक सोडून काय उपयोग? २०२१ मध्ये आणखी एक महत्त्वाचा शोधनिबंध आला. विषाणूमुळे झालेल्या कर्करोगात या उपचाराचा लाभ स्पष्ट दिसला, पण चरबीमुळे सुजलेल्या यकृतातील कर्करोगात टी-पेशी भरपूर असूनही त्या बिथरलेल्या होत्या आणि उलट यकृतालाच इजा करत होत्या. या निष्कर्षावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत, कारण दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत विषाणू नसलेल्या रुग्णांनाही औषधांच्या वेगळ्या जोडीने फायदा झाला. पण प्रश्न आता टाळता येत नाही. मधुमेह आणि स्थूलता वाढत असलेल्या आपल्या शहरांत पुढच्या पिढीचा यकृताचा कर्करोग विषाणूपेक्षा चरबीतून अधिक येणार आहे. परदेशी चाचण्यांतील आकडे त्या रुग्णांना जसेच्या तसे लागू होतील, असे धरून चालता येणार नाही. आपल्या रुग्णांच्या गाठींचा, आपल्या कारणांसह, अभ्यास इथेच व्हायला हवा.

पैशाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. या औषधांचा खर्च लाखांत जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके आणि मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबची मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी करून, स्वस्त औषधांच्या जोडीने ती दिली. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निकालात एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. यकृताच्या कर्करोगाला हे आपोआप लागू होत नाही, पण भारतीय डॉक्टरांनी स्वतःचे प्रश्न स्वतः विचारले, तर काय साधते, हे त्यातून कळते.

हाताशी असलेले उत्तर

ब्लमबर्ग यांचे ५ एप्रिल २०११ रोजी निधन झाले. त्यांचा जन्मदिवस आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो आणि २०१८ मध्ये त्याच दिवशी भारताने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात चाचणी आणि औषधे मोफत आहेत.

सर्वांत प्रगत इम्युनोथेरपीही आज बहुतेक रुग्णांना काही महिने किंवा थोडी वर्षे मिळवून देते. ती मिळवायलाच हवीत आणि त्यासाठीचे बंगळुरू-मुंबईतील संशोधन जोमाने वाढायला हवे. पण जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळाला मिळालेली एक लस अख्खे आयुष्य वाचवते. म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. घरात बाळ जन्मले, तर हिपॅटायटिस बीची पहिली मात्रा त्याच दिवशी मिळाली का, हे विचारा. उरलेल्या मात्रा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीकरणात येतात, त्या चुकवू नका. तुमचा जन्म २०११ पूर्वीचा असेल आणि लस घेतल्याचे आठवत नसेल, तर एकदा एचबीएसएजीची चाचणी करा. विषाणू सापडला, तर घाबरू नका आणि झाडपाल्यात वेळ घालवू नका. रोज एक गोळी घेऊन तो आटोक्यात ठेवता येतो आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी केली, तर गाठ लहान असतानाच सापडते. आणि काविळीचा विषाणू असलेल्या माणसाला घरात, शाळेत, नोकरीत दूर लोटू नका. एकत्र जेवल्याने किंवा हात मिळवल्याने तो पसरत नाही.